बुटाभोवतीचा रस्ता

"साहेब, तुम्ही त्या डोंगरावर स्वतःच्या पायांनी एकदा तरी चढलायत का हो?"

प्रश्न तोंडातून सुटला आणि मगच शिट्टीच्या लक्षात आलं की आपण खुर्चीवर उभ्या आहोत. शाळेच्या सभागृहातल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. मग मागच्या रांगांतून असा काही हशा उठला की बंद पंख्यावर बसलेली चिमणी घाबरून खिडकीबाहेर पळाली.

खुर्चीवर चढायचं ठरलं नव्हतं. ठरलं होतं ते फक्त विचारायचं. काडी आणि चष्मिष या तिच्या दोन जिवाभावाच्या मैत्रिणींनी आठवडाभर तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं. "वर्गात काय कोणीही बोलेल. सुनावणीत विचारून दाखव, मग मानू!" असं काडी म्हणाली होती. काडी अंगानं नावासारखी बारीक, आणि आग लावण्यातही नावासारखीच पटाईत. चष्मिषने वर पुस्ती जोडली होती, "विचारलंस तर महिनाभर तुझं दप्तर मी उचलीन." दप्तर जड होतं, हे कारण झालंच. पण खरं सांगायचं तर शिट्टीला या वर्षी स्वतःच्या आवाजाचा नव्यानेच शोध लागला होता. गेल्या वर्षीपर्यंत हजेरी देतानासुद्धा तिचे कान लाल व्हायचे. या वर्षी एकदा गणिताच्या सरांची फळ्यावरची चूक तिने भर वर्गात दाखवली, सरांनी ती मान्य केली, आणि त्या दिवसापासून तिला गप्प करणं म्हणजे ब्रेक तुटलेली गाडी उतारावर हाताने धरणं होऊन बसलं होतं.

व्यासपीठावर तीन खुर्च्या होत्या. मधल्या खुर्चीत जमीन कचेरीतल्या अधिकारी बाई, एका बाजूला त्यांचा कारकून, आणि दुसऱ्या बाजूला कंपनीचा माणूस. तो सभागृहातही काळा चष्मा डोक्यावर चढवून आला होता, म्हणून काडीने पहिल्या पाच मिनिटांतच त्याचं नाव गॉगल ठेवलं होतं. गावाच्या पाठीमागच्या डोंगरावर त्याच्या कंपनीला चाळीस डोंगरगाड्या पळवायच्या होत्या. चार जाड चाकांच्या, उघड्या, कानठळ्या बसवणाऱ्या. पर्यटकांनी पायथ्याशी बसायचं आणि धुरळा उडवत थेट वरच्या खिंडीत उतरायचं. आता त्या डोंगरावर एकही रस्ता नव्हता, आणि पायथ्याच्या पाटीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, की इथून वर इंजिन असलेलं काहीही न्यायला मनाई आहे.

गॉगल छान हसला. "बेटा, देवाने माणसाला डोकं दिलंय गाडी बनवायला. पाय कशाला झिजवायचे?"

"म्हणजे उंटावरून शेळ्या हाकताय तर!" शिट्टी म्हणाली. पुन्हा हशा. काडीने खालून तिच्या पोटरीला आनंदाने चिमटा काढला. "पण साहेब, डोंगरावर रस्ताच नाहीये, मग तुमच्या गाड्या जाणार कशावरून? ढगांवरून?"

"खाली बस आधी, पडशील," अधिकारी बाई म्हणाल्या. पण त्यांच्याही ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. मग त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "नियम साधा आहे. डोंगरावर नवा रस्ता करता येणार नाही. मात्र लोकांच्या नेहमीच्या वापरातला गाडीरस्ता तिथे आधीपासून असेल, तर त्याच्यावरून गाड्या न्यायला परवानगी देता येते."

"आणि तो आहे," गॉगल म्हणाला. त्याने कारकुनाला खूण केली आणि भिंतीवरच्या पडद्यावर डोंगराचा नकाशा उमटला. हिरव्या-तपकिरी डोंगरावर पायथ्यापासून खिंडीपर्यंत एक लाल रेघ चढत गेली होती. "सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या नकाशावरचा हा रस्ता. दोन उन्हाळ्यांत गाडीने एकेचाळीस फेऱ्या झाल्याची नोंद आहे. आम्ही एक वीतभरही नवं काही मागत नाही आहोत."

सभागृहात कुजबुज सुरू झाली. रस्ता? कसला रस्ता? कोणी पाहिला? "विचार ना, विचार, कोणाच्या फेऱ्या ते विचार!" चष्मिष दातांतल्या दातांत म्हणत होती.

शिट्टी विचारू शकली नाही. तिची नजर रेघेच्या मध्यावर खिळली होती. खिंडीच्या अलीकडच्या सपाटीवर त्या लाल रेघेला एक वेडावाकडा फेरा होता, शिवता शिवता दोरा सुटून त्याचा फास व्हावा तसा. तिथे काय झालं होतं ते जगात दोनच माणसांना माहीत होतं. तिथे तिचा डावा बूट पडला होता.

ती खुर्चीवरून उतरली आणि मुकाट्याने बसली. तिचा आवाज एवढा झटकन बसलेला कोणी कधी ऐकला नव्हता.

*

शिट्टीचं हे नाव बाबांनीच ठेवलेलं. त्यांचं मोटरसायकल दुरुस्तीचं गॅरेज होतं आणि गॅरेजच्या मागे घर. इंजिन चालू असलं की हाका ऐकू येत नाहीत, म्हणून ती लहानपणापासून दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायची. जेवण झालंय, एक शिट्टी. गिऱ्हाईक आलंय, दोन.

बाबांचा एक नियम होता. दुरुस्त केलेली गाडी ट्रायल घेतल्याशिवाय परत द्यायची नाही. आणि ट्रायल घ्यायची ती डोंगरावर. "सपाट रस्त्यावर सगळीच इंजिनं शहाण्या बाळासारखी वागतात," ते म्हणायचे. "खरा स्वभाव चढावर कळतो." पायथ्याच्या पाटीचं काय, असं कोणी विचारलं तर त्यांचं उत्तर तयार असायचं. "पाटी फिरणाऱ्यांसाठी आहे. ट्रायल म्हणजे काय फिरणं आहे का?"

बारा-तेरा वर्षांची असताना ती दोन्ही उन्हाळ्यांत त्यांच्या मागे बसून जायची. उंचावर हवा विरळ झाली की जुनी इंजिनं गुदमरतात. नेमकी किती उंचीवर, ते बाबांना हवं असायचं, म्हणून तिने फोनवर चालणाऱ्यांचं एक अ‍ॅप घेतलं होतं. ते उंची दाखवायचं आणि गेलेल्या वाटेची रेघ सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या नकाशावर काढायचं. शेवटी अ‍ॅप विचारायचं, ही पायवाट की रस्ता? पायवाट दाबलं की म्हणायचं, एवढ्या वेगाने कोणी चालत नाही, नोंद रद्द. मग तिने रस्ता दाबलं. नोंद झाली. एवढंच काय, एकाच वाटेवर सर्वांत जास्त फेऱ्या केल्या म्हणून अ‍ॅपने तिला 'डोंगराची राणी' केलं आणि तिच्या नावापुढे छोटा मुकुट लावला. त्या मुकुटापायी तिने एकही ट्रायल चुकवली नाही. एकेचाळीस वेळा गेली आणि एकेचाळीस वेळा तिने रस्ता हेच बटण दाबलं.

सुनावणीहून ती घरी आली तेव्हा बाबा एका गाडीखाली आडवे होते. त्यांचे फक्त पाय दिसत होते. पुढच्या खोलीत आई सीटचं कव्हर करत होती. रेक्झिनला टाचणी लावली की भोक कायमचं राहतं, म्हणून आई कपडे वाळत घालायचे चिमटे लावायची. आत्ताही काळ्या रेक्झिनच्या कडेने रंगीबेरंगी चिमट्यांची रांग होती आणि एक चिमटा तिच्या दातांत होता.

"काय गं, विचारलास का प्रश्न?" आई चिमट्यासकट म्हणाली.

"बाबा, बाहेर या."

"पाना दे आधी, बारा नंबरचा," गाडीखालून आवाज आला.

"बाबा, कंपनीचा रस्ता म्हणजे आपल्या ट्रायलची रेघ आहे."

पाय हलायचे थांबले. मग बाबा घसरत बाहेर आले. कपाळावर ग्रीस, चेहऱ्यावर हसू की काय ते कळेना. तिने सगळं सांगितलं. नकाशा, एकेचाळीस फेऱ्या, बूट.

"बूटसुद्धा आलाय नकाशात?" बाबांना हसू आवरेना. "अगं ए, ऐकलंस का? हिच्या बुटाची सरकारदरबारी नोंद झाली!"

"हसू नका. मी जाऊन सांगते की ती रेघ आपली आहे."

हसू गेलं. बाबांनी हात पुसायला फडकं घेतलं आणि बराच वेळ एकच बोट पुसत राहिले. "काय सांगशील? माझ्या बापाने मनाई असलेल्या डोंगरावर एकेचाळीस वेळा गाडी घातली? गॅरेजचा परवाना कोण देतं माहितीये ना? तीच कचेरी. आणि त्या चाळीस गाड्यांची देखभाल कोणाकडे येणारे?" त्यांनी मानेनेच टेबलाकडे खूण केली. टेबलावर कंपनीचं पत्र होतं, चहाच्या कपाखाली दाबून ठेवलेलं. "देखभाल माझ्याकडे, सीटं तुझ्या आईकडे. आयुष्यात पहिल्यांदा काम आपल्याकडे चालत आलंय."

"चालत कुठे? आपल्याच रेघेवरून आलंय!"

"जास्त शहाणपणा नको. ते अ‍ॅप आहे ना अजून तुझ्या फोनवर? पुसून टाक सगळं. रेघ कोणी काढली ते कोणाला कळायचं कारण नाही."

"ती पुसली तर कंपनीकडचा कागद तेवढा उरेल, बाबा. मग तो रस्ता खराच होईल."

"होऊ दे की! डोंगर काय झिजणारे चार चाकांनी?"

आईने दातांतला चिमटा काढला. शिट्टीला वाटलं, आता आई काहीतरी बोलेल. आई एवढंच म्हणाली, "हात धुवा दोघं. चहा गार होतोय." आणि चिमटा रेक्झिनला लावला. तिच्या बाजूला कंपनीने पाठवलेले रेक्झिनचे नमुने पडले होते, केशरी आणि पिवळे. आईने ते रंगांनुसार नीट लावून ठेवले होते. शिट्टीला ते दिसलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावायचं तरी कोणाला?

*

डोंगर झिजतो की नाही, ते बघायचंच, असं तिने ठरवलं. शनिवारी सकाळी तिघी निघाल्या, पायी. शिट्टी त्या वाटेने एकेचाळीस वेळा गेली होती, पण चालत ही पहिलीच वेळ. गाडीवरून तिला इंजिन ऐकू यायचं आणि बाबांची पाठ दिसायची. आता पाटीच्या पुढे गेल्यावर ऐकू आला तो आपलाच श्वास, मग कुठूनतरी पाणी, मग पाखरांची एवढी बडबड, की वर्गातली मधली सुट्टी परवडली.

"मेले," काडी दर दहा मिनिटांनी म्हणायची. "या डोंगराला लिफ्ट पाहिजे."

"गॉगलला फोन लाव मग," चष्मिष म्हणायची.

दीड तासाने त्या सपाटीवर पोहोचल्या. शिट्टीच्या आठवणीत ही जागा म्हणजे शेवाळाचा हिरवा ओला गालिचा. पाय ठेवला की स्पंजासारखा दबायचा आणि बुटाभोवती पाणी वर यायचं. खालच्या सगळ्या झऱ्यांना पाणी इथूनच झिरपत जायचं. आता त्या गालिच्याच्या मधोमध हातभर खोल चर होता, चाकाच्या रुंदीचा. आजूबाजूचं पाणी त्या चरात उतरत होतं आणि खळखळत उताराने निघून जात होतं. चराच्या वरच्या अंगाला शेवाळ अजून हिरवं होतं. खालच्या अंगाला ते तपकिरी पडलेलं. तिने वाकून मूठभर उचललं, तर हातात जुन्या सीटमधल्या फोमसारखा भुगा झाला.

गेल्या उन्हाळ्यापासून बाबांना कामातून वेळ नव्हता, एकही ट्रायल इथे झाली नव्हती. तरीही चर भरून आला नव्हता. उलट पाण्यानेच तो आणखी खोल केला होता.

"हे कोणी केलं?" चष्मिषने विचारलं.

शिट्टी उत्तर द्यायच्या आतच काडी ओरडली, "ए, इकडे या! इकडे बघा काय वेडेपणा केलाय!"

चराच्या कडेने बारीक काठ्या रोवलेल्या होत्या. प्रत्येकीला पिवळं निशाण आणि निशाणावर आकडा. कंपनीच्या माणसांनी आपल्या रस्त्याची आखणी करून ठेवली होती. निशाणं सरळ चालली होती, आणि एकदम, काहीही कारण नसताना, उजवीकडे वळून एका खडकाला वळसा घालत, एका झुडपाला प्रदक्षिणा घालत, परत होती तिथेच येऊन मिळत होती. सतरा नंबरपासून एकोणतीस नंबरपर्यंत नुसता फेरा. आखणी करणाऱ्याने नकाशावरची रेघ डोळे मिटून जमिनीवर उतरवली होती.

"इथे रस्ता असा का वळलाय?" चष्मिष चष्मा पुसून पुन्हा बघत म्हणाली. "इथे तर सगळं सपाट आहे!"

"कारण," शिट्टी म्हणाली, आणि तिला आधी हसूच फुटलं, "कारण माझा बूट पडला होता."

मग तिने सगळं सांगितलं, तो बूट शोधायला बाबांनी गाडी कशी खडकाभोवती, झुडपाभोवती फिरवली तेही. मुकुटासकट. आधी तिघी पोट धरून हसल्या. एका मुलीच्या बुटासाठी चाळीस गाड्या, रोज, पर्यटकांना घेऊन, गंभीर चेहऱ्याने झुडपाला फेरा मारणार! काडी तर निशाणांमधून धावत तो फेरा मारून आली, तोंडाने गाडीचा आवाज काढत. तेवढ्यात झुडपाच्या बुडातून एक तपकिरी पक्षीण निघाली आणि एक पंख मोडल्यासारखा जमिनीवर फरफटवत त्यांच्यापासून दूर पळू लागली. लंगडायची, थांबायची, वळून बघायची, पुन्हा लंगडायची.

"अरे, लागलं का तिला?" काडी जागीच थिजली.

"नाटक करतेय," चष्मिष हळूच म्हणाली. "घरटं असणार जवळ. आपण तिच्या मागे जावं म्हणून."

तिघी पाय न हलवता उभ्या राहिल्या. एकविसाव्या निशाणाच्या काठीपासून वीतभरावर गवतात चार अंडी होती. हाताच्या मुठीएवढा पक्षी, आणि तीन धटिंगणींना एकटा अंगावर घेत होता. त्याच्याकडे दाखवायला नियम नव्हता आणि कागदही नव्हता.

त्या हळूहळू मागे सरकल्या. शिट्टीचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं. आता तिला राग आला होता, आणि तो कोणाचा, हे ठरवायला तिला वेळ लागला नाही. गॉगलचा होता. 'डोंगर काय झिजणारे' म्हणणाऱ्या बाबांचा होता. आणि मुकुटासाठी एकेचाळीस वेळा तेच बटण दाबणाऱ्या त्या राणीचा तर सर्वांत जास्त होता.

"निशाणं उपटून टाकू," काडी म्हणाली. तिने एका काठीला हातही घातला होता.

"हात लावू नकोस! एकही नको. उपटलीस तर ते उद्या नवी लावतील, आणि शहाण्यासारखी सरळ लावतील. हा फेरा जसाच्या तसा राहायला हवा." शिट्टीने फोन काढला आणि सतरापासून एकोणतीसपर्यंत प्रत्येक निशाणाचा फोटो घेतला. अंड्यांचा लांबूनच. चराचा फोटो काढताना बाजूला स्वतःचा पाय ठेवला, खोली कळावी म्हणून.

"पण तू सांगितलंस तर तुझ्या बाबांचं काय?" चष्मिषने विचारलं. ती उगाच काही विचारत नसे. "परवाना गेला तर?"

शिट्टीने फोन खिशात ठेवला. "माहीत नाही," ती म्हणाली. उतरताना काडीनेसुद्धा लिफ्टचं नाव काढलं नाही.

*

संध्याकाळचे सहा वाजायला आले होते. बाबा गॅरेजची फळी लावत होते. आई आत रेक्झिनच्या कापलेल्या पट्ट्या गोळा करत होती. शिट्टी चिखलाच्या बुटांनीच आत आली, आणि स्टुलावर चढली नाही की दोन बोटं तोंडात घातली नाहीत. नुसती टेबलापाशी उभी राहिली.

"बूट बाहेर," आई म्हणाली.

"आई, एक मिनिट. दोघंही बसा. उभ्याने ऐकण्यासारखं नाहीये."

"झालं, मुख्याध्यापिका आल्या," बाबा म्हणाले. पण बसले, आडव्या टाकलेल्या टायरवर.

तिने फोन टेबलावर ठेवला आणि एकेक फोटो सरकवत गेली. निशाणांचा फेरा बघून बाबांचा खांदा एकदा हसल्यासारखा हलला. चराच्या फोटोवर मात्र त्यांनी तिचा हात धरून थांबवलं. दोन बोटांनी फोटो मोठा केला. वाहणारं पाणी बघितलं, तपकिरी शेवाळ बघितलं. टायरचे ठसे ओळखण्यात त्यांची हयात गेली होती, त्यामुळे कोणाच्या चाकाने हे झालं असेल असं त्यांनी विचारलंच नाही.

"एवढं?" ते म्हणाले.

"एवढं. एका वेळी एक गाडी, तीही अधूनमधून. आणि त्यांच्या चाळीस असणारेत, रोज."

"मला वाटलं होतं पावसाने भरून येईल."

"मलाही काहीच वाटलं नव्हतं, बाबा. मी मुकुट मोजत होते."

आई उठून जवळ आली. तिने अंड्यांचा फोटो पुन्हा एकदा मागे आणला आणि चष्मा न घालताच डोळे बारीक करून बघितला. "ही लोकं केशरी रेक्झिन मागतायत," ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. "लांबून दिसायला पाहिजे म्हणे."

"अगं, तू पण?" बाबा तिच्याकडे बघून म्हणाले. मग शिट्टीकडे वळले, आणि त्यांचा आवाज चढला, गाडी चढावर अडली की चढायचा तसा. "आणि परवाना गेला तर? फोटो खाणार आहोत का आपण? तोंड बंद ठेवलंस तर कोणाचं काही बिघडत नाही. शाळकरी पोर तू, तुला कोण विचारायला येणारे?"

"कोणी येणार नाही, म्हणून मी जाणारे," शिट्टी म्हणाली. तिचा आवाज सभागृहातल्यापेक्षा खूप हळू होता आणि एकदाही अडखळला नाही. "हरकती द्यायची मुदत सोमवारी पाचला संपतेय. मी शाळेला सुट्टी टाकणार आणि सकाळी अकराला कचेरी उघडली की अधिकारी बाईंच्या समोर फोन ठेवणार. एकेचाळीसच्या एकेचाळीस फेऱ्या याच फोनवरच्या आहेत, तिथे लोकांचा रस्ता कधी नव्हताच, असं लिहून देणार आणि खाली माझं नाव घालणार. पुसणार काहीच नाही. तुम्हाला राग आला तर येऊ दे, माझ्याशी घरात महिनाभर कोणी बोललं नाही तरी चालेल. बाबा, त्या विचारणारच, की गाडी कोण चालवत होतं. तुम्ही माझ्याबरोबर आलात तर ते तुम्ही सांगा. नाही आलात, तर मी सांगणारे."